पत्र्याचे पाहुणे डावखुरे होते

शरयू आपल्या डाव्या हातावर बसायला लागली, तेव्हा मैथिलीला आधी वाटलं, पोरीच्या हाताला मुंग्या येत असतील.

मैथिलीला असं काहीबाही पटकन वाटायचं. शरयू दोनदा खोकली की हिच्या डोळ्यांपुढे दवाखाना उभा राहायचा, आणि एखादा दिवस पोरगी अजिबात खोकली नाही, तर झोपेत तिच्या नाकाशी बोट धरून बघायची. सेलूच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली ही वालूरची लेक, लग्न होऊन पाथरीला आली. नवरा अवधूत जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, सासरे गोविंदराव निवृत्त मास्तर. घरात दोन-दोन मास्तर असूनही पोरीवर सगळ्यात बारीक नजर कुणाची, तर हिची. म्हणून ते हातावर बसणं तिच्याच ध्यानात आलं. जेवायला बसलं की शरयू डावा तळवा मांडीखाली सारायची. टीव्हीपुढे तसंच. अंगणवाडीतून आणायला गेलं तर तिथंही. बाकीची लेकरं टाळ्या वाजवत गाणं म्हणायलीत, आणि ही एका हातावर बसून दुसऱ्या हाताने मांडीवर थापट्या मारायली.

हाताला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते श्रावणातल्या एका शनिवारी. गल्लीतल्या मारुतीपुढे शिऱ्याचा प्रसाद वाटत होते. शरयूने नेहमीसारखा डावा हात पुढे केला. वाटणाऱ्या बाईंनी चमचा वरच्या वर धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "दुसरा हात, बाळा. हा देवाला चालत नाही." बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. मागं रांग खोळंबली होती, रांगेतल्या दोघीतिघींनी हसून त्यांची री ओढली, एवढंच. शरयूने आपल्या तळहाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिलं, आणि हात फ्रॉकमागे नेला. शिरा तिने उजव्या हातात घेतला, पण खाल्ला नाही. घराशी आल्यावर तो गल्लीतल्या कुत्र्याला मिळाला.

तिची आजी कावेरीबाई वर्षभर हेच सांगत आल्या होत्या, पण ते लाडीगोडीचं होतं. "डावखुरी गं माझी बाई" असं म्हणत त्या उजव्या हातात घास द्यायच्या, शरयू तो डाव्या हातात घेऊन खायची आणि मग दोघी हसायच्या. आता ते हसणं बंद झालं. त्याहून वाईट म्हणजे खडू बंद झाला. ज्या पोरीने न्हाणीच्या भिंतीवर, फ्रिजवर, आजोबांच्या पांढऱ्या टोपीवरसुद्धा चित्रं काढली होती, ती आता उजव्या हाताने एक वाकडी रेघ मारायची, त्या रेघेकडे बघायची आणि खडू ठेवून द्यायची.

कावेरीबाईंना यात वावगं दिसलं नाही. "वळण लागायलंय," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत लागतंय बघ."

दसऱ्याला या घरात पाटीपूजन असायचं. घरातलं लेकरू पाटीवर एकाच्या आकड्याला एक आकडा जोडत आपली पहिली सरस्वती काढायचं, आणि आजी शेजारी बसून त्याचा उजवा हात धरायची. गोविंदरावांनी अशीच काढली होती, अवधूतने अशीच काढली होती. यंदा पाळी शरयूची. डॉक्टर म्हणतात, हातासाठी जबरदस्ती करू नये, असं मैथिलीने एकदा धीर करून सांगून पाहिलं. कावेरीबाईंनी ज्वारी निवडता निवडता विचारलं, "डॉक्टर काय हिच्या पंगतीत बसणार हाय का?" बी.एस्सी.च्या कुठल्याच पुस्तकात याचं उत्तर नव्हतं.

खरं तर मैथिलीला पंगतीचीही फिकीर नव्हती. उजव्या हाताने जेवायला काय, शिकली असती पोरगी. पण चार वर्षांचं लेकरू आपल्याच हाताला लाजायला लागलं, तर ते उद्या कशाकशाला लाजेल, हा विचार तिच्या डोक्यातून हटत नव्हता. भाजी फोडणीला टाकताना हटत नव्हता, कपडे वाळत घालताना हटत नव्हता.

एका संध्याकाळी शरयू ताटापुढे अशीच हातावर बसली होती आणि मैथिली तिला भरवत होती. भरवता भरवता तिच्या तोंडून निघून गेलं, "तुला ठाऊक आहे का, मी असे पाहुणे बघितलेत, जे सगळं डाव्या हातानंच करायचे."

शरयूचं चावणं थांबलं. "कुठले पाहुणे?"

"पत्र्याचे. आभाळातून आलेले."

आणि मग मैथिलीला तो सिनेमा आठवला. म्हणजे अर्धामुर्धाच. वालूरला गणपतीत मारुतीच्या देवळापुढे पडद्यावर दाखवलेला. ती तेव्हा दुसरीत असेल. ज्वारीच्या रानात आभाळातून पालथ्या घमेल्यासारखी एक गाडी उतरते. तिच्यातून तीन पत्र्याचे पाहुणे निघतात. एक उंच, एक रुंद आणि एक लहानगा. लहानग्याला कानांच्या जागी दोन दिवे, घाबरला की ते लुकलुकायचे. गावातली एक म्हातारी त्यांना पिठलं-भाकरी वाढते. पाहुणे डाव्या हाताने जेवतात, डावा हात कपाळाला लावून रामराम करतात, आणि लहानगा डाव्या हातात काडी घेऊन मातीत आपल्या घरची वाट काढून दाखवतो. आभाळात एक भलामोठा तारा सारखा तळपत असतो, अगदी भरदिवसासुद्धा. तोच त्यांचा गाव. पुढं पुढं तर वस्तीतली माणसंही त्यांचं बघून डाव्या हाताने कामं करायला लागतात. शेवट काय होता कोण जाणे. तोवर तिला आईच्या मांडीवर झोप लागली होती.

शरयूने सगळं ऐकून घेतलं. तिचा डावा हात मांडीखालून कधी निघाला, ते तिलाही कळलं नसावं. त्या हाताने तिने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि कपाळाला लावून खाल्ला. आमटीचा एक ओघळ भुवईवर आला.

"मला दाखव," ती म्हणाली.

"दाखवीन."

"मग मी पाटीवर पाहुणा काढीन. दिव्याचा."

स्वयंपाकघराच्या दारात कावेरीबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळा सिनेमा तिथूनच ऐकला होता. "अन् गावातली माणसं बी डावखुरी झाली म्हणतीस?" त्या म्हणाल्या. "तरी मी म्हणते, लागट असतंय ते."

शब्द दिला तर खरा, पण आता तो सिनेमा शोधायचा कुठं? मैथिलीला नावसुद्धा ठाऊक नव्हतं. तिला पक्कं आठवत होतं की ती तेव्हा वाचायला शिकली होती, दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायची, पण पडद्यावरचं नाव काही केल्या वाचता आलं नव्हतं. ती पाहुण्यांच्या मुलखातली अक्षरं असणार, असं तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. तिने मोबाईलवर शोधून पाहिलं. आभाळातून येणाऱ्यांचे सिनेमे शेकड्याने निघाले. सगळ्यांत बंदुका, फुटणाऱ्या इमारती आणि किंचाळणारी शहरं. पिठलं वाढणारी म्हातारी एकातही नव्हती. अवधूतला विचारलं तर तो म्हणाला, तू झोपेतच बघितला असशील. आईला वालूरला फोन केला, तर तिला त्या रात्रीचे डास तेवढे आठवत होते.

शेवटी तिने शाळेतल्या सोबत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपवर एरवी शुभ सकाळची फुलं आणि वाढदिवस सोडले तर काही घडत नसे. पण त्या दिवशी फोन वाजायचा थांबेना.

पहिली रुपाली धावून आली. तिला सगळं आठवत होतं, कानातले दिवे, डावे हात आणि मुख्य म्हणजे तो तारा. बबिताने तर पुरावाच दिला. दुसऱ्या दिवशी ती आणि तिच्या बहिणी 'पाहुणे-पाहुणे' खेळत डाव्या हाताने जेवल्या आणि तिघींनाही पाठीत धपाटे बसले. धपाटे कसे विसरतील? मैथिलीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात हरिओम उगवला. सिनेमा त्यानेही बघितला होता, पण डावखुरे कुठून आणले, असं त्याचं म्हणणं. पाहुणे चांगले उजव्या हाताने जेवत होते. आणि तारा कसला? तारा-बिरा काही नव्हता. सिद्धोधन त्याच्या बाजूने उभा राहिला. तो लहानग्याची नक्कल करत कितीतरी दिवस अंगणात काडीने रेघोट्या ओढत होता, आणि उजव्या हाताने ओढत होता.

मग जी जुंपली ती जुंपली. हरिओमने लिहिलं, "पोरींना तवा बी डावं-उजवं कळत न्हवतं. पीटीच्या तासाला मालूम हाय की समद्यांना." बबिताने लिहिलं, "तुला बाराचा पाढा येत न्हवता, ते बी मालूम हाय." आणखी पोरं आली, ती सगळी हरिओमकडून. आणखी पोरी आल्या, त्या सगळ्या बबिताकडून. एकही पोरगा डावखुरे म्हणायला तयार नाही, एकही पोरगी उजवे म्हणायला तयार नाही. मैथिली रात्री अंथरुणात पडून हे वाचायची आणि शेजारी शरयूचा डावा हात उशीखाली आहे की वर, ते चाचपायची. तो वर असायचा. सिनेमा येणार, या भरवशावर तो वर होता.

नवरात्र बसलं, आणि त्या आठवड्यातच सिद्धोधनचा निरोप आला. तो नांदेडला नोकरीला, जुन्या सिनेमांचं त्याला वेड. कुणीतरी एका जुन्या प्रिंटवरून नेटवर टाकलेला सिनेमा त्याने हुडकून काढला होता. 'टीन के मेहमान.' खाली लिहिलं होतं, "हाच हाय. बघ आन् तूच सांग कोण खरं."

शरयूने काहीही बघायच्या आधी ते आपण बघायचं, हा मैथिलीचा नियम. दुपारी पोरगी झोपली होती. मैथिली ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिने सिनेमा लावला.

ज्वारीचं रान तेच. पालथं घमेलं तेच. लहानग्याचे दिवे लुकलुकले तेव्हा तिच्या अंगावर काटा आला, इतके ते तेच होते. मग म्हातारीने ताटं वाढली आणि तिन्ही पाहुण्यांनी पत्र्याचे उजवे हात पुढे केले. उजव्या हाताने जेवले, उजव्या हाताने रामराम केला, आणि लहानग्याने काडी उचलली ती उजव्या हातात. तिने मागं नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा उजवाच. आभाळात एकही तारा नव्हता. नाव तर साध्या हिंदीत लिहिलेलं, कुणालाही वाचता यावं असं. शेवटापर्यंत ती गेलीच नाही.

तिला वाटलं, आपण लेकराला थाप मारली. मुद्दाम नाही, पण मारली. आणि आपल्या डोक्यातली इतकी जुनी, इतकी पक्की गोष्ट खोटी निघाली, तर बाकीच्या गोष्टींचा काय भरवसा?

कावेरीबाई दुपारच्या चहाला उठून आल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांनी विचारलं, "काय झालं? वालूरचा फोन आला का?"

मैथिलीने मोबाईल त्यांच्यापुढे धरला. सगळं सांगितलं, ग्रुपवरचं भांडणसुद्धा. आता यांना आयतंच मिळालं, हे सांगताना तिला कळत होतं. पण कावेरीबाईंनी चष्मा लावला, पाहुण्यांचं जेवण बघितलं, चहाचा घोट घेतला.

"पोरी समद्या डावं म्हणतेत," त्या म्हणाल्या, "अन् पोरं समदी उजवं."

"हो ना."

"तू बसली कुठं व्हतीस?"

"पाराकडं. बायकांत."

"अन् पोरं?"

"ती देवळाकडं, माणसांत."

"मशीन?"

"माणसांकडंच असायची."

"अन् पडदा?"

"पडदा मध..." मैथिली म्हणाली आणि थांबली.

कावेरीबाईंनी कप खाली ठेवला. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदर तोंडाला लावून त्या किती तरी वेळ हसत होत्या. "अगं, पडद्याच्या मागून बघितलात तुमी. आमच्या माहेरी चारठाण्याला बी तसंच व्हतं. माणसं म्होरं, बाया मागं. अन् तो तारा कसला? मशीनचा दिवा तो. पातळ पडद्यातून आरपार दिसायचा. आमी त्याला शुक्र म्हणायचो."

मैथिलीही हसली, पण अर्धीच. डावे हात, न मावळणारा तारा, वाचता न आलेलं नाव, सगळ्याचा खुलासा एका घोटात झाला होता. पोरं खरी होती आणि पोरीही खऱ्या होत्या. पण शरयूला आता काय सांगायचं? डावखुऱ्यांचा गाव नव्हताच, असं?

एवढ्यात गोविंदराव आणि अवधूत बाहेरून आले. अवधूतला सगळी हकीकत कळल्यावर तो भिंतीला टेकून हसला. "म्हणजे आई, तू आजवर सगळे सिनेमे उलटेच बघितलेस की. मैथिली पण. मराठवाड्यातल्या सगळ्या बायांनी उलटा सिनेमा बघितला."

कावेरीबाईंचं हसू तिथंच थांबलं.

"उलटा कसा?" त्या म्हणाल्या.

"अगं, उलटाच. समोरून बघितला तो सुलटा."

"तुला कुणी सांगितलं? पडद्याला दोन बाजू असत्यात. तुमी तिकडून बघितला, आमी इकडून. गाणी तीच ऐकली, रडायच्या जागी तितकंच रडलो. माझ्या आईनं तर जलमभर मागूनच बघितला. तिनं काय उलटा बघितला व्हय रे? मागं बसवलं म्हणून आमचा सिनेमा खोटा?"

अवधूतने तर नुसती गंमत केली होती. गोविंदराव टोपी काढून खुर्चीत बसले. संसारात कधी गप्प राहावं, हे त्यांना मास्तरकीपेक्षा चांगलं जमायचं.

तेव्हा सगळ्यांना दिसलं की शरयू उठून आली आहे. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ती बसली होती, केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. मोठ्या आवाजाने दचकली असावी. तिचा डावा हात मांडीखाली होता.

"पाहुणे सापडले?" तिने विचारलं.

मैथिलीच्या तोंडाशी दोन उत्तरं आली आणि दोन्ही अडली. एक खरं होतं आणि एक गोड होतं. तिने सासूकडे पाहिलं. कावेरीबाई पोरीच्या मांडीकडे बघत होत्या, त्या दडपलेल्या हाताकडे. आत्ताच ज्या तावाने त्या बोलल्या, तो ताव कुठं जाऊन बसला होता कुणास ठाऊक, पण चेहऱ्यावर नव्हता.

"सापडले," त्या म्हणाल्या. "पण ते असे मोबाईलात बघायचे नसत्यात. पडदा बांधून बघायचे."

"कशाला तेवढा तमाशा," अवधूत म्हणाला. "डावेच पाहिजेत ना? लॅपटॉपवर एका बटनात फिरवून देतो."

"फिरवायचं काही न्हाई. हाय तसा लावायचा. तू तुझ्या शाळेतली मशीन आण. अन् अहो, तुमचं ते पातळ धोतर काढून द्या, धुवट."

"माझं?" गोविंदराव म्हणाले.

"मग काय माझं?"

शाळेत लेकरांना शिकवायला एक छोटा प्रोजेक्टर होता. मुख्याध्यापकांना फोन करून, उद्या सकाळी प्रार्थनेच्या आत परत आणतो असं कबूल करून, अवधूत तो घेऊन आला. दिवेलागणीनंतर गच्चीवर कपड्यांच्या तारेला गोविंदरावांचं धोतर पसरून टाचण्या लावल्या. खालच्या टोकांना दोन विटा. एका बाजूला प्रोजेक्टर, गोविंदरावांची खुर्ची आणि अवधूत. दुसऱ्या बाजूला सतरंजी, चिवड्याचा डबा आणि तिघी. कुणी कुठं बसायचं, ते कावेरीबाईंनी ठरवलं. मैथिलीने येताना शरयूला स्वेटर घातला, वर कानटोपी घातली. कावेरीबाईंनी कानटोपी काढून डब्यावर ठेवली.

अवधूतने मशीन सुरू केली. धोतराच्या मधोमध एक पांढरा, लखलखीत ठिपका उमटला.

मैथिलीचा तारा होता तो. रानावर, घमेल्यावर, म्हातारीच्या खोपटावर, भरदिवसा तळपणारा. मधल्या काळात तिने शाळा, कॉलेज, लग्न, बाळंतपण सगळं केलं, आणि हा इथंच होता, पडद्याच्या मागं.

"शुक्र निघाला गं," कावेरीबाई हळूच म्हणाल्या.

म्हातारीने ताटं वाढली. तीन पत्र्याचे हात पुढे आले, डावे. शरयूने चिवड्याच्या डब्यात डावा हात घातला, मूठ भरली, कपाळाला लावली आणि खाल्ली. लहानग्याने काडी उचलून मातीत रेघ ओढली तेव्हा तिचं बोट सतरंजीवर तशीच रेघ ओढत होतं. मैथिली सिनेमा बघतच नव्हती. ती ते बोट बघत होती.

मग गोविंदराव पलीकडे कशाला तरी मोठ्याने हसले, आणि शरयू उठली.

आजोबा का हसले ते तिला बघायचं होतं. मैथिलीने तिचा फ्रॉक धरायला हात पुढे केला. पलीकडे गेली की संपलं सगळं. पण कावेरीबाईंनी सुनेचं मनगट धरलं. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिला बी दोन्हीकडून बघू दे."

शरयू धोतराच्या कडेने पलीकडे गेली. मैथिली धोतराच्या कडेकडे बघत राहिली. मग धोतराच्या कडेतून एक डोकं इकडे आलं, मागं गेलं, पुन्हा इकडे आलं. पोरगी पळत इकडे आली, पाहुण्यांकडे बघितलं, पळत तिकडे गेली. पुन्हा आली. आता ती हसत होती. पत्र्याचा रुंद पाहुणा विहिरीतून बादली ओढत होता, आणि ती त्याला गाठायला इकडून तिकडे, तिकडून इकडे पळत होती. शेवटी ती धोतराच्या कडेला मधोमध उभी राहिली, एक डोळा इकडे आणि एक तिकडे.

"आजोबाकडून उजवे आहेत," तिने जाहीर केलं. "आपल्याकडून डावे."

"मग?" कावेरीबाईंनी विचारलं.

शरयूने विचार केला. हा प्रश्न तिला सोपा वाटला असावा.

"मग काही नाही. पाहुणे तेच आहेत."

ती परत येऊन दोघींच्या मध्ये बसली. शेवट मैथिलीने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. घमेलं उडालं, लहानग्याने खिडकीतून हात हलवला, दिवे लुकलुकले. धोतराच्या त्या बाजूला गोविंदरावांनी आणि या बाजूला शरयूने त्याला हात हलवून निरोप दिला. मैथिलीने ग्रुपवर धोतराचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, दोघंही खरी. त्यावर हरिओमने लिहिलं की पोरींनी तवाच सांगायचं व्हतं, मागं बसल्यात म्हणून. बबिताने लिहिलं की तुमी म्होरं बसला व्हता, ते तरी कुठं सांगितलं? भांडण पुन्हा सुरू झालं, पण आता त्यात मजा होती.

दसऱ्याच्या सकाळी कावेरीबाईंनी देवापुढे पाट मांडला. पाटी धुऊन पुसून ठेवली, तिला झेंडूची माळ घातली, शेजारी पुस्तकं, आपट्याची पानं. शरयू नवा परकर नेसून बसली. मैथिली दारात उभी होती. सिनेमाच्या दिवसापासून हातावर बसणं थांबलं होतं, पण पाटीचा विषय घरात कुणी काढला नव्हता.

आजीची जागा लेकराच्या उजव्या बाजूला, हात धरायला सोयीची. तिथं कावेरीबाईंचं आसन घातलेलं होतं. त्या आल्या, आसनाकडे पाहिलं, वाकून ते उचललं आणि पाटीच्या पलीकडे, शरयूच्या अगदी समोर टाकलं. मग गुडघ्याला हात देत त्यावर बसल्या.

शरयूने पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि आजीकडे पाहिलं.

"काढ," कावेरीबाई म्हणाल्या. "मला इकडून बरोबर दिसायलंय."

पोरगी पाटीवर वाकली. एकाचा आकडा, त्याला दुसरा एक, मग तिसरा. जीभ दातांत धरून ती काढत राहिली. सरस्वतीला डोकं आलं, हात आले, जरा जास्तच आले, आणि मग कानांच्या जागी तिने दोन गोल काढले आणि त्यांच्याभोवती बारीक बारीक किरणं.

गोविंदराव मागून डोकावून म्हणाले, हे काय आहे? कावेरीबाईंनी त्यांना नजरेनेच गप्प केलं. त्यांनी हळदकुंकवाची चिमूट घेतली आणि पाटीकडे हात नेला.

"आजी," शरयूने बजावलं, "दिवे पुसायचे नाहीत."

कावेरीबाईंनी कुंकू दिव्यांच्या बाहेरून, जपून वाहिलं.